काळ बरा करतो, श्रेय सुई घेते

प्रोस्टेटच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषाच्या लघवीची नळी एक-दोन आठवड्यांनी काढली जाते आणि त्या दिवसापासून त्याच्यापुढे एक नवेच संकट उभे राहते. खोकला आला की लघवी गळते, खुर्चीतून उठताना गळते, संध्याकाळी स्नायू थकले की अधिकच गळते. कर्करोग निघून गेल्याचा आनंद बाजूला राहतो. लग्नकार्य, रेल्वेचा लांबचा प्रवास, मित्राकडचा मुक्काम या साऱ्या गोष्टी एकेक करून आयुष्यातून वजा होऊ लागतात. तो हे कोणाला सांगत नाही. औषधाच्या दुकानात डायपर मागतानाही ‘घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी’ असे सांगून मागतो.

अशा माणसाला कोणी सांगितले की माकडहाडाजवळ सुया टोचून घ्या, आठवड्यातून तीनदा या, दीड-दोन महिन्यांत फरक पडेल, तर तो जातो. आणि फरक बहुधा पडतोच. खरी अडचण इथूनच सुरू होते.

कारण तो फरक सुया न टोचताही पडला असता. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असते. ती संपूर्ण काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली झडप बव्हंशी निकामी होते आणि लघवी रोखण्याची जबाबदारी एकट्या बाहेरच्या झडपेवर, म्हणजे मूत्रमार्गाभोवतीच्या गोलाकार स्नायूवर येऊन पडते. या स्नायूला आणि त्याच्या नसांना शस्त्रक्रियेत थोडाफार धक्का बसलेला असतो. सूज उतरते, नसा सावरतात, स्नायू नवे काम शिकतो. त्यामुळे बहुतेक पुरुषांची गळती पहिल्या वर्षभरात उत्तरोत्तर कमी होत जाते. तिसऱ्या महिन्यात गवती चहा सुरू केलेल्या माणसालाही सहाव्या महिन्यात गवती चहाचा गुण आलेला दिसेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथे फांदी आपोआप वाकत असते, आणि कावळ्याला दर बैठकीचे पैसे दिले जातात.

ॲक्युपंक्चरची चाचणी घ्यावी की घेऊ नये, हा वाद म्हणूनच दुय्यम आहे. मुख्य प्रश्न वेगळा आहे. जी चाचणी नापास होऊच शकत नाही, तिला चाचणी म्हणावे काय? वैद्यकाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न कोणत्याही शोधनिबंधाच्या पहिल्या पानावरच विचारला पाहिजे, आणि प्रोस्टेटनंतरच्या गळतीच्या बाबतीत तर तो हमखास विचारला पाहिजे.

नापास न होणाऱ्या चाचण्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार तुलनेवाचूनचा. चाळीस रुग्ण घेतले, सुया टोचल्या, तीन महिन्यांनी बत्तीस जणांना बरे वाटले. असा निकाल छापून येतो तेव्हा प्रत्यक्षात मोजलेला असतो तो फक्त दिनदर्शिकेचा गुण. शिवाय माणूस उपचाराला जातो तो त्रास शिगेला पोहोचलेला असताना, आणि शिगेला पोहोचलेली कोणतीही गोष्ट पुढच्या मोजणीत सरासरीकडे परत येते. या दोन्ही सुधारणा सुईच्या खात्यावर जमा होतात.

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी होते. एका गटाला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, दुसऱ्याला तेच व्यायाम आणि जोडीला ॲक्युपंक्चर. आता काळाचा लाभ दोघांनाही सारखाच मिळतो, हे खरे. परंतु दुसऱ्या गटाला सुईखेरीज आणखी पुष्कळ काही मिळते. आस्थेने विचारपूस करणारा माणूस मिळतो, अर्धा तास शांत पडून राहण्याची वेळ मिळते, व्यायामाची वरचेवर आठवण होते, आणि ‘आपल्यासाठी काही विशेष चालले आहे’ ही भावना मिळते. शेवटी रुग्णाच्या हाती प्रश्नावली दिली, तर तिच्यात हे सारे उतरते. तेव्हा इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात पूरक उपचारांचे प्राध्यापक असलेले एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००८ मध्येच दाखवून दिले की ‘अ अधिक ब विरुद्ध नुसता ब’ ही रचना जवळजवळ नेहमीच अनुकूल निकाल देते. एखादी गोष्ट उणे नसेल, तर मिळवणीत ती अधिकच दिसणार.

तिसरा प्रकार व्याख्येचा. ‘लघवीवर ताबा आला’ म्हणजे काय? एक थेंबही न गळणे, की दिवसाला एकच पॅड लागणे, की खबरदारी म्हणून एक पॅड ठेवणे? पहिली व्याख्या घेतली तर वर्षाअखेरीसही असंख्य पुरुष नापास ठरतात, तिसरी घेतली तर तेच पुरुष उत्तीर्ण होतात. चाचणी संपल्यावर व्याख्या निवडण्याची मुभा असेल, तर बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढता येते.

या तिन्ही पळवाटा बुजवण्याची साधने फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत. १९९८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या कोन्राड श्ट्राइटबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये एका लुटुपुटीच्या सुईचे वर्णन केले. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी या सुईची बोथट कांडी दांड्यात सरकते. त्वचेला टोचल्यासारखे वाटते, पण सुई आत जात नाही. खऱ्या सुईची तुलना अशा सुईशी केली की आस्था, वेळ, पलंग, अपेक्षा हे सारे दोन्ही बाजूंना समसमान होते आणि उरतो तो निव्वळ सुईचा गुण.

तो उरतो किती? कंबरदुखीवरील जर्मनीतील प्रचंड चाचणीचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण ११६२. पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के सुधारले. बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के सुधारले. औषधे आणि व्यायाम असा प्रचलित उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के. मधला आकडा झाकला तर ॲक्युपंक्चरचा दिग्विजय दिसतो. तो उघडा ठेवला तर दिसते ते एवढेच की सुई कुठे टोचली याला फारसे महत्त्व नव्हते. शरीरातील चौदा मुख्य वाहिन्या, त्यांवरील शेकडो बिंदू, त्यांची नावे आणि नकाशे या साऱ्या शास्त्राचा डोलारा त्या तीन-साडेतीन टक्क्यांवर उभा राहतो, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

यावर ॲक्युपंक्चरच्या पुरस्कर्त्यांचे एक ठरलेले उत्तर असते. लुटुपुटीची सुईदेखील निष्क्रिय नसते, स्पर्शालाही परिणाम असतो, म्हणून तिच्याशी तुलना अन्यायकारक आहे. हे उत्तर मान्य केले तर काय होते ते पाहावे. कोणत्याही जागी, कोणत्याही खोलीवर, टोचले काय किंवा नुसते टेकवले काय, परिणाम तोच असेल, तर बिंदूंचा नकाशा निरर्थक ठरतो आणि तो शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांचीही गरज संपते. प्रतिवाद करताना आपलेच घर पाडणारा हा युक्तिवाद आहे.

दुसरे उत्तर अधिक भावनिक असते. रुग्णाला बरे वाटते ना? मग सुईने वाटो की विश्वासाने, बिघडले कुठे? या प्रश्नाला २०११ च्या दम्यावरील एका छोट्या पण अत्यंत बोलक्या प्रयोगाने उत्तर दिले आहे. खरा इनहेलर, खोटा इनहेलर, लुटुपुटीचे ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, अशा चार अवस्थांतून तेच रुग्ण आळीपाळीने गेले. ‘बरे वाटले’ असे सांगण्यात पहिले तिघे जवळजवळ बरोबरीत होते, अनुक्रमे ५०, ४५ आणि ४६ टक्के सुधारणा. काहीच न घेणाऱ्यांची २१ टक्के. पण फुंकर मारून यंत्रावर फुप्फुसांची क्षमता मोजली, तेव्हा खऱ्या इनहेलरने ती २० टक्के वाढलेली निघाली आणि उरलेल्या तिन्हींत सारखीच, ७ टक्के. श्वासनलिका विश्वासाने उघडल्या नव्हत्या. ज्या दमेकऱ्याला बरे वाटते पण ज्याची श्वासनलिका आवळलेलीच असते, तो धोक्यात असतो.

गळतीच्या बाबतीत हाच न्याय लागू आहे, आणि सुदैवाने तिचे मोजमाप फुप्फुसांहूनही सोपे आहे. पॅड वापरण्यापूर्वी तोलायचा, वापरल्यावर पुन्हा तोलायचा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. प्रश्नावली भिडस्त असते, सहा आठवडे आपुलकीने वागलेल्या माणसाला नाराज करणे तिला जड जाते. तराजूला भीड नसते.

आता प्रतिपक्षाची सर्वांत भक्कम बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चीनमधील एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. १२ रुग्णालये, ५०४ स्त्रिया, खोकताना-शिंकताना होणारी गळती. माकडहाडाच्या भागातील बिंदूंवर सुया टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडण्यात आला, सहा आठवड्यांत अठरा वेळा. दुसऱ्या गटाला न टोचणाऱ्या लुटुपुटीच्या सुया. मोजमाप पॅडच्या वजनाने. एका तासातील गळती खऱ्या गटात सरासरी ९.९ ग्रॅमने घटली, लुटुपुटीच्या गटात २.६ ग्रॅमने. हा निकाल हसण्यावारी नेता येणार नाही. तुलना होती, तराजू होता, संख्या मोठी होती.

तरीही प्रोस्टेटच्या रुग्णाला हा निबंध दाखवून सुया विकणे अप्रामाणिक आहे, आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण शरीररचनेचे. त्या स्त्रियांच्या गळतीचा संबंध प्रामुख्याने मूत्रमार्गाचा आधार सैल होण्याशी असतो, तर या पुरुषांची झडपच शस्त्रक्रियेत दुखावलेली असते. एकाच लक्षणाखाली दोन वेगळे बिघाड आहेत. दुसरे कारण असे की सुया टोचणाऱ्याला आपण खरी टोचतो आहोत की खोटी, हे ठाऊकच असते, आणि त्याचा उत्साह किंवा निरुत्साह पलंगावरच्या माणसापर्यंत पोहोचतो. तिसरे कारण इतिहासाचे. १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील ॲक्युपंक्चरच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथील यच्चयावत चाचण्या अनुकूल निघाल्या. एकही अपयश नाही. जिथे नाणे शंभर वेळा उडवूनही प्रत्येक वेळी छापाच येतो, तिथे पुढचा छापा आला म्हणून कोणी टाळ्या वाजवू नयेत. दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी तेच नाणे उडवून पाहिले पाहिजे. अशा चाचण्यांची गोळाबेरीज करून आढावे लिहिल्यानेही काही साधत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून?

एका आजारातले यश दुसऱ्या आजारात जसेच्या तसे उतरत नाही, याचा दाखला सुईच्याच घरातला आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला, ॲक्युपंक्चरच्या एका प्रसिद्ध बिंदूजवळ, बारीक सुई टोचून तिथल्या नसेला वीजप्रवाह देण्याची एक रीत आहे. वारंवार, घाईची लघवी होणाऱ्या २२० रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत ती लुटुपुटीच्या उपचाराशी ताडून पाहिली गेली. खऱ्या गटात ५४.५ टक्के रुग्ण सुधारले, खोट्या गटात २०.९ टक्के. तिचे स्पष्टीकरण देण्यासाठी कोणत्याही अदृश्य वाहिनीची गरज पडली नाही, घोट्याची नस आणि मूत्राशयाच्या नसा मणक्यात शेजारी आहेत एवढे पुरले. मग हीच रीत शौचावरील ताबा गेलेल्या २२७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये वापरून पाहिली. २०१५ मध्ये निकाल आला, ३८ टक्के विरुद्ध ३१ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. तीच सुई, तोच घोटा, तेच यंत्र, पण एका आजारात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात नापास. सुईला सरसकट भोंदूगिरी म्हणणाऱ्यांनी यातला पहिला निकाल वाचावा, आणि सुईला सरसकट रामबाण म्हणणाऱ्यांनी दुसरा.

‘आधुनिक वैद्यक स्वतःला तरी असे तपासते काय?’ हा शेवटचा आक्षेप. तपासते, आणि प्रोस्टेटनंतरच्या गळतीतच त्याचे उत्तम उदाहरण आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तज्ज्ञाने समोर बसवून शिकवले तर गळती लवकर थांबेल, हे तर्काला किती पटते! ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनीही गळती असलेल्या ४११ पुरुषांवर ते तपासले गेले. एका गटाला तीन महिन्यांत चार वेळा वैयक्तिक शिकवणी, दुसऱ्याला नेहमीची माहिती. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. वर्षाअखेरीस शिकवणीच्या गटात ७६ टक्के पुरुषांना थोडीतरी गळती होती आणि दुसऱ्या गटात ७७ टक्के. शिकवणी वाया गेली. हा निकाल कोणी दडपला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसरी चाचणी आली. शस्त्रक्रियेला वर्ष ते सतरा वर्षे उलटूनही गळती असलेले २०८ पुरुष. आठ आठवड्यांच्या व्यायाम आणि सवयींच्या उपचाराने आठवड्याला गळतीचे सरासरी २८ प्रसंग १३ वर आले. उपचाराविना थांबलेल्या गटात २५ चे २१ झाले. याच व्यायामाला विजेचे उत्तेजन आणि यंत्राची मदत जोडली, तर अधिकचा लाभ शून्य.

या दोन निकालांतून विद्यार्थ्याने दोन धडे घ्यावेत. वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांत काळाचा गोंगाट ओसरलेला असतो, म्हणून खरा गुण तिथे स्पष्ट ऐकू येतो. आणि ज्या शास्त्राला आपल्या लाडक्या उपचाराचे अपयश छापता येते, त्याच शास्त्राचे यश विश्वासार्ह असते.

भारतात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून वाट मोकळी करून दिली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालने त्याआधीच कायदा केला होता, महाराष्ट्रानेही केला. पण शासकीय मान्यता म्हणजे दुकान उघडण्याचा परवाना, गुणकारितेचा दाखला नव्हे. राजपत्रात छापून आल्याने झडपेचा स्नायू आवळला जात नाही.

या पद्धतीभोवती आपल्याकडे एक भावनेचे वलयही आहे. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातील बिजयकुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. या त्यागाविषयी आदर असावाच. पण कोटणीसांनी जखमी सैनिकांना वाचवले ते शल्यविशारद म्हणून. कृतज्ञता हा पुरावा नव्हे, आणि हुतात्म्याच्या पुण्याईवर एखाद्या उपचाराचा गुण सिद्ध होत नाही.

मग भारतात चाचणी घ्यावी काय? अवश्य घ्यावी, पण एकच आणि चोख. शस्त्रक्रियेला वर्ष उलटलेले, तरीही गळती असलेले पुरुष घ्यावेत. दोन्ही गटांना व्यायाम सारखाच शिकवावा. एका गटाला खऱ्या सुया, त्याही ॲक्युपंक्चरच्याच नामवंत जाणकारांनी स्वतः निवडलेल्या बिंदूंवर, म्हणजे ‘आमची पद्धत नीट वापरली नाही’ ही तक्रार उरणार नाही. दुसऱ्या गटाला लुटुपुटीच्या. मोजमाप चोवीस तासांच्या पॅडच्या वजनाचे, आणि तोलणाऱ्याला गट ठाऊक नसावा. शेवटी प्रत्येक रुग्णाला ‘तुम्हाला कोणती सुई मिळाली असे वाटते?’ हे विचारावे, म्हणजे लपवाछपवी कितपत साधली ते कळेल. शेवटच्या सुईनंतर सहा महिन्यांनी पुन्हा तोलावे. रुग्णसंख्या आणि यशाची व्याख्या पहिली सुई टोचण्यापूर्वी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवावी. २००७ मध्ये सुरू झालेली ही नोंदवही सर्वांना खुली आहे. कोणताही विद्यार्थी तिथे जाऊन नोंदवलेली व्याख्या आणि पुढे छापलेली व्याख्या एकच आहे का, हे स्वतः पडताळू शकतो. हा व्यायाम एखाद्या पाठ्यपुस्तकाहून अधिक शिकवतो.

आणि ती चाचणी होईपर्यंत सुईवाल्यांनी प्रोस्टेटच्या रुग्णाकडून शुल्क घेऊन गुणाची हमी देऊ नये. यात नुकसान फक्त पैशाचे नसते. ज्याची गळती वर्षानंतरही थांबत नाही, त्याच्यासाठी आधारपट्टी आणि कृत्रिम झडप यांच्या शस्त्रक्रिया आहेत. कृत्रिम झडप १९७० च्या दशकापासून वापरात आहे. ती महाग आहे, तिच्यात बिघाडही होतात, पण ती कित्येकांना पुन्हा माणसांत आणते. ‘आणखी दहा बैठका करून पाहा’ या वाक्यामुळे तो पुरुष मूत्रविकारतज्ज्ञाकडे परतायचे लांबवतो, आणि अखेर गुण न आल्यास दोष स्वतःच्या नशिबाला देतो. आधीच अबोल झालेला माणूस आणखी अबोल होतो.

चाचणी सुरू करण्यापूर्वी तिच्या पुरस्कर्त्यांकडून एकाच प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. निकाल काय आला, तर हा उपचार तुम्ही सोडून द्याल? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याच्यासाठी प्रयोगशाळेचे दार उघडे असावे. ज्याला देता येत नाही, त्याला चाचणी नको आहे, जाहिरात हवी आहे. मराठीत यासाठी एक रोकडी म्हण आहे, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. सुईने एकतर तराजूवर बाप दाखवावा, नाहीतर प्रोस्टेटच्या रुग्णाचा पिच्छा सोडावा.

#विज्ञान #वैद्यकसंशोधन #ॲक्युपंक्चर #पुरावा